नऊ खाती आणि एक दोनशे पानी वही

९ जानेवारी २०२५. दुपारी अडीचच्या सुमाराला मुंबईहून, मशीद बंदरच्या एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला. "वहिनी, मेल परत येतोय तुमचा. दोनदा पाठवला. जागा नाही म्हणतोय." त्या मेलमध्ये पेमेंटचा तपशील होता. मी दुकानाचं जीमेल उघडलं तर वर पट्टी: १५ जीबीपैकी १५ जीबी वापरले. ही पट्टी काल-परवा आलेली नव्हती. कित्येक महिने मी तिच्या फुलीवर टिचकी मारून ती घालवत होते.

आमची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. सासरे, म्हणजे अण्णा, गादीवर बसतात, हे सौद्याला उभे राहतात आणि मी बिलं, पट्ट्या (शेतकऱ्यांना द्यायच्या हिशोबाच्या पावत्या), जीएसटी, मेल बघते. कॉम्प्युटरमधलं मला फार कळतं अशातला भाग नाही. घरात बाकी कुणालाच कळत नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं. पुढच्या सात महिन्यांत जे निस्तरलं ते लिहून ठेवतेय, कारण यार्डातल्याच दोन-तीन दुकानांतून "तुम्ही कसं केलं?" म्हणून विचारणा झाली आणि तोंडी सांगताना दर वेळी माझं काहीतरी राहून जातं.

त्या दिवशी पहिलं काम केलं ते महिना १३० रुपयांचं, १०० जीबीचं पॅकेज घेण्याचं. पाच-दहा मिनिटांत मेल सुरू झाले. आग विझली. मग शांतपणे बघितलं तर १५ जीबीत मेल जेमतेम ३ जीबी होते. मला वाटायचं मेलला वेगळे, ड्राइव्हला वेगळे, फोटोंना वेगळे १५. तसं नाही, तिघांत मिळून १५. आमची जागा फोटोंनी खाल्ली होती.

एवढे फोटो आले कुठून, तर ऑगस्ट २०१९मधून. आमचं घर गावभागात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. जुन्या खतावण्या, रोजमेळ, शेतकऱ्यांच्या पट्ट्यांच्या फाइली घरात खालच्या खोलीत होत्या. पाणी ओसरल्यावर गच्चीत दोऱ्या बांधून पानं वाळत घातली, काहींवर हलकी इस्त्री फिरवली, आणि शाई आणखी पसरायच्या आत ज्याच्या हातात जो फोन होता त्यानं फोटो काढले. अण्णांचा फोन, ह्यांचा, माझा, दिवाणजींच्या मुलाचा, पुण्याहून मदतीला आलेल्या भाऊजींचा आयफोन. फोटो कुठल्या खात्यात चाललेत हे बघायची ती वेळ नव्हती. घरात चिखल होता.

नंतरची पाच वर्षं आम्ही त्याच सवयीनं काढली. जागा संपली की नवीन खातं.

तर १२ ते १५ जानेवारी, रात्री जेवणं झाल्यावर, मी एक दोनशे पानी वही घेतली आणि खातेमोजणी केली. प्रत्येक खात्याला एक पान: कुणी उघडलं, कुठल्या मोबाइल नंबरवर, पासवर्ड विसरला तर कोड कुठल्या मेलवर जातो, आत काय आहे, किती जीबी. पासवर्ड वहीत लिहिला नाही. नऊ पानं भरली. गूगलची चार (दुकान, अण्णा, मी, आणि दिवाणजींच्या मुलानं दुकानाच्या नावानं उघडलेलं एक), वनड्राइव्हची दोन (दोन लॅपटॉप, दोन वेळा 'नवीन खाते उघडा'), सीएंच्या ऑफिसनं उघडायला लावलेलं ड्रॉपबॉक्स, भाऊजींचं आयक्लाउड, आणि ह्यांनी कुणाचं तरी ऐकून उघडलेलं झोहोचं, ज्यात एक रिकामी शीट आणि 'टेस्ट' नावाची फाइल होती. सगळं मिळून अंदाजे ६८ जीबी.

ही वही झाली तेव्हाच अर्धं काम झालं असं आज वाटतं. कुणी मला "कुठलं ॲप वापरलंत?" विचारलं की मी आधी वहीचं सांगते. तिथवर मी जागा कमी पडतेय म्हणून रडत होते. वहीत दिसलं ते वेगळंच. नऊपैकी चार खात्यांचे मोबाइल नंबर ज्यांच्याकडे होते, ती माणसं दुकानात नव्हती.

सगळ्यात अडचणीचं पान दिवाणजींच्या मुलाचं. तो २०२३मध्ये नोकरीला चाकणला गेला. त्या खात्यात २०१९चे फोटो होतेच, वर २०२०-२१च्या स्कॅन केलेल्या बिलट्या (मालवाहतुकीच्या पावत्या) आणि तोलाईच्या पावत्या. सीएंनी स्पष्ट सांगितलेलं: जीएसटीचे कागद त्या-त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे. म्हणजे जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हापासूनचं काहीच अजून टाकून देता येत नव्हतं. आणि दोन वर्षं कुणी न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, हा नियम २०२३ला जाहीर झालाय. मुलाला फोन केला. "वहिनी, शेवटचं उघडलं ते जुलैमध्ये, नोकरीला जायच्या आधी." म्हणजे आमच्या हातात जुलै २०२५पर्यंत वेळ होता. पासवर्ड? "आज्जीच्या गावाचं नाव आणि पुढं काहीतरी आकडे." आज्जीचं गाव कवठेमहांकाळ. इंग्रजीत ते किती तऱ्हांनी लिहिता येतं ते त्या संध्याकाळी कळलं.

त्याचं जुनं सिमही बंद झालेलं. १८ जानेवारीला मी त्या नंबरवर फोन लावून बघितला, आणि तो लागला! पलीकडे तासगावकडचे कुणी द्राक्षबागायतदार. नंबर बंद पडून काही महिने गेले की कंपनी तो दुसऱ्याला देते, तसा तो त्यांना मिळाला होता. मी सगळी कथा सांगितली आणि विचारलं, एक कोड येईल, तेवढा सांगाल का? ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचं खरं आसंल. पण ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँक रोज मेसेज करती. मी न्हाई सांगायचो." मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. त्यांच्या जागी मीही सांगितला नसता. आणि खरं तर मी ते विचारायलाच नको होतं.

मग वाचलं की खातं परत मिळवायचं तर ते पूर्वी जिथून वापरलं जायचं, त्याच जागेवरून आणि त्याच मशीनवरून प्रयत्न करावा. ते मशीन म्हणजे दुकानातला जुना पीसी, पोटमाळ्यावर प्लास्टिकखाली. २० जानेवारीला खाली काढला. हळदीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड ज्यांनी बघितला नसेल त्यांना सांगते: सगळी बटणं पिवळी, खाचांत हळद भरलेली, फक्त एंटर आणि स्पेसबार तेवढे घासून पांढरे. पॉवर सप्लाय गेलेला, तो ६०० रुपयांत बदलून आणला. विंडोज ७. ब्राउझर म्हणाला मला अपडेट मिळणं बंद झालंय, तरी उघडला.

मुलाला फोनवर घेतलं, त्याच्या संमतीनं आणि त्याच्यासमोरच सगळं केलं. 'पासवर्ड विसरलात?' मध्ये शेवटचा पर्याय आला तेव्हा एक मेल दाखवला, पहिली दोन अक्षरं आणि पुढं चांदण्या. अक्षरं आमच्याच दुकानाच्या मेलची! पोरानं शहाणपणानं कधीतरी ते घातलं होतं. कोड तिथं आला. पंधरा दिवसांपूर्वी प्रयत्न केला असता तर पेटी भरलेली म्हणून तो कोडही परत गेला असता. तरी लगेच आत सोडलं नाही, विनंती तपासतो, थांबा, असं आलं. तीन दिवस मी दर तासाला मेल बघत होते. घरात कुणी विचारलं काय झालं, तर सांगायला काही नव्हतं. २३ तारखेला लिंक आली, पासवर्ड बदलला, नंबर बदलला, आणि गवती चहाचा एक मोठा कप प्यायले.

त्यातला माल बाहेर काढायला गूगलची टेकआउट म्हणून सोय आहे. सगळ्याचे गठ्ठे बांधून डाउनलोडची लिंक मेलवर येते. गठ्ठ्याचा आकार आपण निवडायचा. मी हुशारीनं १० जीबी निवडला, कमी फाइली म्हणजे कमी कटकट. आमच्या ब्रॉडबँडवर ७ जीबीला आलं की वीज जायची किंवा लाइन तुटायची. तीनदा झालं. लिंक आठवडाभरच चालते, ती संपली. परत अर्ज, या वेळी २ जीबीचे गठ्ठे, आठ फाइली, दोन रात्रींत उतरल्या. छोटं निवडा. हा माझा सल्ला यार्डात आता म्हणीसारखा झालाय.

तोवर फेब्रुवारी उजाडला आणि नवीन हळद यायला लागली. हंगामात सकाळी सौदे, दुपारी तोलाई, रात्री पट्ट्या. वही कपाटात गेली ती थेट जूनला बाहेर आली. मधल्या काळात फक्त १०० जीबीचं वार्षिक करून टाकलं, १,३०० रुपये.

पण हंगामातच एक घोळ माझ्या हातून झाला. विक्रीचा डेटा सॉफ्टवेअरमधून काढून मी गूगल शीट्समध्ये टाकत होते, म्हणजे सीएंनाही ऑनलाइन दिसेल. मे महिन्यात त्यांचा फोन: "मार्च-एप्रिलची विक्री अशी विस्कटलेली कशी? आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मध्येच काही दिवस तुम्ही दुकान बंद ठेवलं होतं का?" शीटची सेटिंग अमेरिकन पद्धतीची होती. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, तिला ४ मार्च. दोन्ही तारखा ऐन हंगामातल्या, त्यामुळे डोळ्याला खटकलं नाही. आणि मध्ये ३१ मार्च! एका आर्थिक वर्षाची काही विक्री दुसऱ्या वर्षात जाऊन बसली. १२ तारखेपुढच्या तारखा मात्र तिला कळतच नाहीत, तेरावा महिना नसतो ना, म्हणून त्या नुसता मजकूर समजून चौकटीत डावीकडे चिकटून बसतात. खऱ्या तारखा उजवीकडे. काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजा गडबड आहे. फाइल मेनूत सेटिंग्ज, तिथं लोकेल इंडिया करायचं, आणि हे डेटा टाकायच्या आधी करायचं. मी नंतर केलं, त्यामुळे सगळं पुसून परत टाकलं. रकमेतले लाखाचे स्वल्पविरामही त्यानंच आपल्या जागी आले. सीएंनी विवरणपत्राआधी पकडलं म्हणून निभावलं.

जूनमध्ये खरी सफाई. एक टीबीची हार्ड डिस्क आणली, ४,६५० रुपये, आणि ठरवलं की आधी सगळं तिच्यावर उतरवायचं, मग ऑनलाइन काय ठेवायचं ते बघायचं. हा क्रम मला एका फजितीनं शिकवला. एका लॅपटॉपच्या वनड्राइव्हमधली 'जास्तीची कॉपी' मी वेबवरून उडवली, आणि संध्याकाळी लॅपटॉपचा डेस्कटॉप कोरा. ती कॉपी नव्हतीच, दोन्हीकडून दिसणारी एकच फाइल होती. रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहतात म्हणून वाचले. अण्णा गादीवरून बघत होते. "काय गं, पाणी शिरलं का परत?" एवढंच म्हणाले.

सारख्या फाइली शोधणारं फुकट सॉफ्टवेअर चालवल्यावर ६८ जीबीचे ३१ उरले. एकच बिलटी व्हॉट्सॲपवरून चौघांकडे गेली आणि चौघांच्या खात्यात जाऊन बसली, असले प्रकार. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत मूळ तारीखही नसते, त्यामुळे टेकआउटमधून उतरवल्यावर सगळ्यांवर उतरवल्याचीच तारीख. ते मी कागदावरच्या तारखा वाचून लावले, रोज रात्री पन्नास. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस असं सुरू केलं की आपोआप क्रमानं लागतात. नावातले आकडे मात्र सगळे इंग्रजीच ठेवा. काही मराठी, काही इंग्रजी झाले की दोन वेगळ्या रांगा लागू शकतात.

अण्णांच्या खात्यातले फोटो मात्र मी हलवले नाहीत. १ जून २०२१च्या आधी गूगल फोटोजच्या 'हाय क्वालिटी' या सेटिंगनं चढलेले फोटो १५ जीबीत मोजले जात नाहीत. ते तिथून काढून दुकानाच्या खात्यात आणले असते तर आज नव्यानं मोजले गेले असते. सगळं एकाच ठिकाणी आणायच्या उत्साहात हे बघायला विसरू नका. डिस्कवर एक प्रत घेतली आणि मूळ तिथंच राहू दिले.

आणि श्रीलिपी, म्हणजे मराठी टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर. दिवाणजी २००८पासून पत्रं, नोटिसा, थकबाकीच्या याद्या श्रीलिपीत टाइप करायचे. त्या फाइली गूगल डॉक्समध्ये उघडल्या की टोप्या घातलेली परकी अक्षरं दिसतात, कारण मराठी त्या फॉन्टमध्ये असते, फाइलमध्ये नसते. पुन्हा तो पिवळा पीसीच उपयोगी आला. त्याच्यावर फॉन्ट होता. एकेक फाइल उघडून पीडीएफ केली, १४० फाइली, तीन रविवार. चालू कामाच्या सहा-सात फाइली कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत, आणल्या. त्यात रफार जागा सोडतो, 'फर्म'चं 'फमर्' होतं आणि वेलांट्या शेजारच्याच्या डोक्यावर जातात. ते हातानं नीट करायचं. दिवाणजींना दाखवलं तर म्हणाले, "माझं अक्षर यापेक्षा बरं होतं."

पट्टीची एक्सेल शीट मी लॅपटॉपवरच ठेवली. तिच्यात रक्कम अक्षरी लिहिणारा मॅक्रो आहे, तो शीट्समध्ये चालत नाही. ऑनलाइन ती फक्त पीडीएफ होऊन जाते.

जुलैमध्ये मालकीहक्क. दुकानाचं फोल्डर माझ्या खासगी खात्यातून दुकानाच्या खात्याच्या नावे केलं आणि हात झटकले. आठवड्यानं बघते तर फोल्डर दुकानाचं, आतल्या फाइली माझ्याच. फोल्डर दिलं म्हणून आतलं जात नाही, एकेक द्यावं लागतं आणि समोरच्या खात्यातून स्वीकारावंही लागतं. कंटाळून बऱ्याच फाइली मी उतरवून दुकानाच्या खात्यातून परत चढवल्या. ते करताना सापडलं की बँकेच्या पासबुकांचं फोल्डर 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडं होतं, २०२२पासून. कुठल्या तरी कर्जाच्या वेळी घाईत मीच पाठवलेलं. अंगावर काटा आला. एक दुपार काढून प्रत्येक फोल्डरचं शेअरिंग बघा.

काही गोष्टी ठेवायचीच गरज नव्हती. सातबाऱ्याचे जुने स्कॅन काढून टाकले. लागेल तेव्हा महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सहीचा ताजा १५ रुपयांत मिळतो, आणि जुना तसाही कुणी घेत नाही. आधार, पॅन, लायसन्स डिजिलॉकरमध्ये.

शेवटचं काम मी महिनाभर लांबवलं. खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर ते कुणाच्या हाती जावं, हे गूगलमध्ये आधी नोंदवता येतं. अण्णा ७६ वर्षांचे. हे त्यांना कसं विचारायचं? १० ऑगस्टला दुपारी यार्ड शांत असताना मी गोल गोल बोलत होते तर त्यांनीच तोडलं. "बँकेत नॉमिनी लावलाय, एलआयसीत लावलाय. इथं लावायला का कचरतीयस?" नाव कुणाचं घालू विचारलं. "तुझंच घाल. त्याला कशाला? त्याला चष्मा कुठं ठेवलाय ते आठवत नाही." हे शेजारीच होते, चष्मा कपाळावर.

दुकानाच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली, नंबर दुकानाच्या सिमचा, जे दुकानातच राहतं. वेळेला लागणारे आठ-आठ आकडी दहा कोड छापून तिजोरीत, लायसन्सच्या फाइलीत ठेवले. वहीही तिथंच असते. पहिल्या तारखेला हार्ड डिस्क जोडून महिन्याचं उतरवायचं आणि डिस्क घरी न्यायची. घरात ती आता वरच्या मजल्यावर असते.

एकूण खर्च ६,६८० रुपये. चालू खाती चार: दुकान, अण्णा, एक वनड्राइव्ह, आणि सीएंसाठीचं ड्रॉपबॉक्स. माझं खासगी खातं आता माझंच आहे, त्यात पोरांचे फोटो आहेत. दिवाणजींच्या मुलाचं खातं त्याला विचारून बंद केलं. भाऊजींचं आयक्लाउड अजून भरलेलंच आहे, ५ जीबीपैकी ५. त्यातल्या पुराच्या फोटोंची प्रत मी गणपतीत ते आले की काढून घेणार आहे. बाकीचं त्यांचं त्यांनी बघावं.